दोन कार्डे म्हणजे दुप्पट वेग नव्हे

ॲनिमेशन, आर्किटेक्चर किंवा गेम डिझाइन शिकणारी मुले आता फक्त मुंबई-पुण्यात नाहीत. पेण, रोहा, नागोठणे अशा गावांतही घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमितीय चित्रे काढणारे विद्यार्थी आहेत, लग्नाचे व्हिडिओ जुळवणारे स्टुडिओ आहेत, घरांचे आराखडे करणारी छोटी ऑफिसे आहेत. या सगळ्यांसमोर खरेदीच्या वेळी एक प्रश्न येतो. एक महागडे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे, की दोन मध्यम किमतीची घेऊन एकाच मशीनमध्ये बसवायची? दोन घेतली तर काम निम्म्या वेळात होईल, हा हिशेब सरळ वाटतो. प्रत्यक्षात कधी काम जवळजवळ निम्म्या वेळात होते, कधी दुसरे कार्ड नुसतेच गरम होत बसते, आणि कधी दोन कार्डांनी एकापेक्षा वाईट परिणाम मिळतो. असे का होते, हे समजून घेतले तर कष्टाचे पैसे वाचतील.

कार्ड नेमके करते काय?

फोर-के पडद्यावरचे एक चित्र म्हणजे ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. हे ठिपके म्हणजे पिक्सेल. गेममधली हालचाल सलग वाटावी म्हणून सेकंदाला साधारण ६० चित्रे काढावी लागतात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात. म्हणजे एका फ्रेमसाठी वेळ मिळतो फक्त १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कोणती वस्तू पुढे, कोणती मागे, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे ठरवून प्रत्येक ठिपक्याला रंग द्यायचा असतो.

कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरमध्ये मोजके पण हुशार गणकभाग असतात. ग्राफिक्स कार्डात साधी गणिते करणारे हजारो छोटे गणकभाग असतात आणि ते एकाच वेळी वेगवेगळ्या ठिपक्यांवर काम करतात. एका कार्डाच्या आत काम असे आधीच हजारो हातांत वाटलेले असते. दुसरे कार्ड आणले की तेच काम आणखी एकदा वाटावे लागते, आणि ही दुसरी वाटणी पहिलीपेक्षा बरीच अवघड असते.

वाटणीच्या तीन पद्धती

हे समजायला पेणचा गणपती कारखाना डोळ्यांसमोर आणू. पेण शहर आणि जवळच्या हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत मूर्तिकामाची वाटणी कशी चालते हे रायगडकरांना सांगायला नको. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, सांधे घासून मूर्ती गुळगुळीत करणारे वेगळे, रंग देणारे वेगळे आणि शेवटी डोळ्यांची आखणी करणारा कसबी हात वेगळा. समजा, ऑर्डर वाढली म्हणून मालकाने दुसरा कारखाना सुरू केला. आता काम कसे वाटायचे?

पहिली पद्धत अशी की, पहिली मूर्ती या कारखान्यात, दुसरी त्या कारखान्यात, तिसरी पुन्हा इथे. ग्राफिक्समध्ये याला एकाआड एक फ्रेम वाटणे म्हणतात. दुसरी पद्धत मंडळाच्या मोठ्या मूर्तीसाठी: वरचा भाग एकाने करायचा, खालचा दुसऱ्याने, आणि शेवटी जोड द्यायचा. म्हणजे एकाच फ्रेमचे तुकडे दोन कार्डांना वाटायचे. तिसरी पद्धत टप्प्यांची. एका कारखान्यात मूर्ती घडवायची, दुसऱ्यात रंगवायची. पहिली मूर्ती रंगात असताना दुसरी साच्यात असते.

तिन्ही पद्धती कागदावर चोख दिसतात. काम सुरू झाले की प्रत्येकीची अडचण वेगळी निघते.

एकाआड एक फ्रेम वाटण्यात मोठा धोका अवलंबनाचा आहे. आजचे बहुतेक गेम नवे चित्र काढताना आधीच्या चित्राचा आधार घेतात. कडा गुळगुळीत करण्यासाठी, हालचालीचा धूसरपणा दाखवण्यासाठी किंवा प्रतिबिंबे भरण्यासाठी मागची फ्रेम लागते. ती दुसऱ्या कार्डात तयार होत असेल, तर या कार्डाला थांबून राहावे लागते. दुसरी अडचण डोळ्यांना जाणवते. एक फ्रेम ५ मिलिसेकंदांत आली आणि पुढची २८ मिलिसेकंदांनी आली, तर सरासरी सेकंदाला ६० फ्रेमच भरते, पण चित्र अडखळत चालल्यासारखे दिसते. आकडा छान आणि अनुभव खराब, असे होते. शिवाय प्रत्येक फ्रेम काढायला एका कार्डाला पूर्वीइतकाच वेळ लागतो. त्यामुळे फ्रेमची संख्या वाढली तरी बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही.

फ्रेमचे तुकडे करायचे तर प्रश्न समान वाटणीचा येतो. पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात मोकळे आकाश आणि खालच्या भागात विसर्जनाची गर्दी असेल, तर वरचे कार्ड चटकन मोकळे होते आणि खालचे घाम गाळत राहते. फ्रेम पूर्ण व्हायला जास्त वेळ घेणाऱ्या कार्डाइतकाच वेळ लागतो. यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे मागच्या फ्रेमला कोणत्या कार्डाला किती वेळ लागला हे मोजून पुढच्या फ्रेमची विभागणी वरखाली सरकवायची. दुसरा म्हणजे चित्राचे छोटे चौकोन पाडून एका रांगेत ठेवायचे आणि जे कार्ड मोकळे होईल त्याने पुढचा चौकोन उचलायचा. तरीही काही काम दुहेरी होतेच. वस्तूंचे आकार पडद्यावर कुठे येतात आणि सावल्या कुठे पडतात, याची गणिते बहुधा दोन्ही कार्डांना करावी लागतात, कारण झाडाची सावली आपला तुकडा कुठे संपतो ते पाहून पडत नाही.

टप्प्यांची पद्धत दोन कार्डे असमान असली तरी चालते. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या पोटात एक लहान ग्राफिक्स भाग असतो आणि शिवाय वेगळे मोठे कार्ड असते. मोठ्याने चित्र काढायचे आणि धाकट्याने त्यावर शेवटचा हात फिरवायचा, तोवर मोठ्याने पुढचे चित्र हाती घ्यायचे. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अशी जोडी प्रात्यक्षिकात दाखवली, तेव्हा वेग सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता. फायदा छोटा, पण आधीपासून मशीनमध्ये रिकाम्या बसलेल्या भागाकडून मिळालेला.

रोह्याच्या पुढची एकेरी लाइन

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे. कधी ना कधी एका कार्डाकडचा माल दुसऱ्या कार्डाकडे न्यावा लागतो. खरा वेळ इथेच जातो.

रायगडकरांना याचा अनुभव रेल्वेने दिला आहे. रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू होते. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण त्यापुढे बहुतांश मार्ग एकेरीच आहे. गाडीचे इंजिन कितीही ताकदीचे असो, समोरून गाडी येत असेल तर स्टेशनात क्रॉसिंगसाठी थांबावेच लागते. एकूण प्रवास किती वेळात होईल, हे अनेकदा इंजिनापेक्षा मार्गाच्या क्षमतेवर ठरते.

कार्डांचेही तसेच आहे. चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या आत, त्याच्या स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला १,००० गीगाबाइटच्या आसपास माहिती वाहू शकते. पण एका कार्डातून बाहेर पडून मदरबोर्डवरून दुसऱ्याकडे जाणारा जो मार्ग आहे, पीसीआय एक्स्प्रेस, त्याच्या चौथ्या पिढीत पूर्ण १६ पदरी रस्ता मिळाला तरी एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ गीगाबाइटच जातात. आत महामार्ग आणि बाहेर पाऊलवाट, असा जवळजवळ तीसपट फरक. त्यात अनेक साध्या मदरबोर्डांवर दुसरे कार्ड बसवले की १६ पदर दोघांत ८-८ असे वाटले जातात, तर काहींवर दुसऱ्या खाचेला त्याहूनही कमी पदर मिळतात.

हिशेब करून पाहू. फोर-के फ्रेमच्या प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक फ्रेम सुमारे ३३ मेगाबाइटची होते. तिसऱ्या पिढीच्या आठ पदरी मार्गावरून, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइटच्या वेगाने, ती न्यायला ४ मिलिसेकंद लागतात. नुसते रंगच नव्हे तर अंतर, दिशा, हालचाल अशा माहितीचेही थर न्यायचे असतील, तर चार थरांतच १६ मिलिसेकंद होतात. एका फ्रेमसाठी हाती होते १६.७. अख्खा वेळ वाहतुकीतच गेला!

म्हणून अनुभवी प्रोग्रामर दोन नियम पाळतात. पहिला, कमीत कमी माल हलवायचा. जे दोन्हीकडे पुन्हा मोजणे स्वस्त पडते, ते पाठवण्याऐवजी दोन्हीकडे मोजायचे. दुसरा, माल वाटेत असताना कार्डाला बसवून ठेवायचे नाही. कार्डांमध्ये नकल करण्याचे काम गणिताच्या कामाबरोबरच चालू ठेवता येते. ज्याला त्या मालाची गरज नाही असे काम मधल्या वेळात त्याच्या हाती द्यायचे, आणि दुसऱ्याची वाट पाहण्याचे ठिकाण शक्य तितके उशिरा ठेवायचे. जागोजागी ‘थांब, दुसऱ्याचे झाले का बघ’ असे लिहिलेला प्रोग्राम दर स्टेशनला क्रॉसिंगसाठी थांबणाऱ्या गाडीसारखा चालतो.

साचा दोन्हीकडे हवा

दुकानात होणारा आणखी एक गैरसमज मेमरीचा. १२ गीगाबाइटची दोन कार्डे घेतली म्हणजे २४ गीगाबाइट मेमरी झाली, असे ग्राहकाला वाटते. दोन कारखान्यांत एकाच रूपाच्या मूर्ती काढायच्या तर दोन्हीकडे साचा लागतो. एकच साचा ठेवून टेम्पोने इकडून तिकडे नेत बसलो तर सीझन संपून जाईल. तसेच चित्रातल्या सगळ्या वस्तूंचे आकार, पोत आणि रंग बहुतेक वेळा दोन्ही कार्डांच्या मेमरीत स्वतंत्रपणे ठेवावे लागतात. म्हणून १२ अधिक १२ असले तरी तुमचे दृश्य १२ मध्येच मावले पाहिजे. काही महागड्या कार्डांना जोडणाऱ्या खास दुव्याने ही अडचण थोडी कमी होते, पण घरगुती कार्डांच्या नव्या पिढ्यांतून तो दुवा काढून टाकण्यात आला आहे.

आणि मग आखणीचा प्रश्न. रंगकामाला दुप्पट माणसे लावता येतात, पण डोळ्यांची आखणी करणारा कारागीर एकच असेल तर सगळ्या मूर्ती त्याच्यासमोर येऊन थांबतात. संगणकशास्त्रात हा नियम जीन ॲमडाल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १९६७ मध्ये तो मांडला. समजा, एकूण कामातला २० टक्के भाग वाटताच येत नाही. मग दोन कार्डांनी वेग दुपटीऐवजी १.६७ पट होतो, चार कार्डांनी अडीच पट. कितीही कार्डे लावली तरी पाचपटीच्या पुढे जाता येत नाही. कार्डांना कामे सांगणारा मुख्य प्रोसेसर मंद असेल, तर हा न वाटता येणारा भाग तोच होऊन बसतो. दुसरे कार्ड घेऊनही काहीच फरक पडला नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते.

ड्रायव्हरकडून प्रोग्रामरकडे

ही कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू-२ ही दोन कार्डे जोडता येत. एक पडद्यावरच्या सम ओळी काढी, दुसरे विषम. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय आणली, पुढच्या वर्षी एटीआयने क्रॉसफायर. त्या काळात वाटणी ड्रायव्हर करत असे. गेम लिहिणाऱ्याला वाटे की कार्ड एकच आहे, आणि ड्रायव्हर पडद्यामागे फ्रेम वाटून देई. पण मागच्या फ्रेमवर अवलंबून राहणारी तंत्रे वाढत गेली, तसा ड्रायव्हरचा अंदाज चुकू लागला. कोणती माहिती पुढे लागणार आहे, हे प्रोग्राम लिहिणाराच जाणतो.

२०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१८ च्या व्हल्कन १.१ ने ही सूत्रे प्रोग्रामरच्या हाती दिली. कोणते काम कोणत्या कार्डाला, कोणती माहिती कुठे ठेवायची, कधी न्यायची, कुठे थांबायचे, हे सगळे आता त्यानेच लिहायचे. नियंत्रण मिळाले आणि कष्टही वाढले. दोन कार्डे असणारे ग्राहक थोडे, म्हणून बहुतेक गेम कंपन्यांनी हे कष्ट घेतलेच नाहीत. एनव्हिडियानेही २०२१ पासून एसएलआयसाठी नव्या गेमची ड्रायव्हर प्रोफाइल करणे थांबवले. आज गेमसाठी दोन कार्डे घेणे बहुतांशी व्यर्थ आहे, ते यामुळे.

खोडदच्या माळावर

म्हणजे अनेक कार्डांचा उपयोगच संपला का? तसे मुळीच नाही. जिथे कामाचे तुकडे एकमेकांशी फारसे न बोलता पूर्ण होतात, तिथे ती आजही उत्तम चालतात, आणि याचे मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशाचे चित्र मिळवण्यासाठी प्रत्येक डिशचा संदेश दुसऱ्या प्रत्येक डिशच्या संदेशाशी ताडून पाहावा लागतो. ३० डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. पूर्वी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळला जाई. दुर्बिणीचे नूतनीकरण झाल्यावर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. एवढ्या पट्ट्यासाठी प्रत्येक डिशच्या दोन प्रवाहांतून सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि हे सगळे त्याच क्षणी पचवायचे असते. मागे पडलेला माल साठवत बसायला जागा नसते. चुकलेला क्षण कायमचा गेला. हे गणित करायला तिथे अनेक कॉम्प्युटरांत ग्राफिक्स कार्डे बसवली आहेत. गंमत म्हणजे ती पडद्यावर काहीही काढत नाहीत. त्यांची फक्त गणिती ताकद वापरली जाते.

हे जमते, कारण हे काम नीट तुटते. एका क्षणाचे नमुने ताडताना दुसऱ्या क्षणाच्या उत्तराची गरज नसते. एका फ्रिक्वेन्सीचे गणित दुसरीवर अवलंबून नसते. जड भाग एवढाच की सगळ्या डिशचा माल आधी योग्य कार्डापर्यंत पोहोचवायचा. म्हणजे इथेही खरे डोके मार्ग आखण्यातच लागते. पुण्याच्या सी-डॅकमधल्या ‘परम सिद्धी-एआय’ या महासंगणकातही हेच दिसते. त्यात एकेका पेटीत आठ कार्डे असतात आणि त्यांना जोडणारा खास दुवा साध्या पीसीआय एक्स्प्रेसच्या जवळजवळ दहापट वेगाचा आहे. कार्डांइतकाच खर्च आणि विचार रस्त्यावर करावा लागतो.

खरेदीआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न: तुमचे सॉफ्टवेअर दोन कार्डे वापरते का? ब्लेंडरमधले सायकल्स हे रेंडरिंग इंजिन अनेक कार्डे चांगली वापरते, पण त्याच ब्लेंडरमधले ईव्ही एकच वापरते. व्हिडिओसाठीच्या दाविंची रिझॉल्व्हमध्ये अनेक कार्डांची सोय स्टुडिओ या सशुल्क आवृत्तीत दिली आहे.

दुसरा: तुमचे दृश्य एका कार्डाच्या मेमरीत मावते का? मावत नसेल तर दोन लहान कार्डांपेक्षा जास्त मेमरीचे एकच कार्ड बरे.

तिसरा: मदरबोर्ड दुसऱ्या खाचेला किती पदर देतो? दुकानदाराकडून मॉडेलचे माहितीपत्रक मागून घ्या आणि स्वतः वाचा.

चौथा: वीज आणि हवा. प्रत्येकी ३०० वॅटची दोन कार्डे आठ तास पूर्ण ताकदीने चालली तर जवळजवळ ५ युनिट वीज जाते. तेवढी उष्णता त्या खोलीतच राहते, आणि पावसाळ्यात वीज गेली तर तो भार पेलणारा यूपीएसही लागतो.

ज्यांच्याकडे मशीन आधीच आहे, त्यांनी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर पाहावा. काम चालू असताना एकच कार्ड निम्म्यावर रेंगाळत असेल तर अडथळा दुसरीकडेच आहे आणि दुसरे कार्ड तो दूर करणार नाही. शंभर फ्रेमचे ॲनिमेशन करायचे असेल, तर पहिल्या ५० फ्रेम एका कार्डावर आणि उरलेल्या ५० दुसऱ्यावर, असे दोन वेगळे रेंडर लावून पाहावेत. त्या फ्रेम एकमेकांवर अवलंबून नसतील तर यात कार्डांना एकमेकांची वाट पाहावी लागत नाही. मोठे स्टुडिओही शेकडो मशीनवर फ्रेम अशाच वाटून देतात. घरातले जुने मशीन पडून असेल, तर दुसरे कार्ड विकत घेण्याआधी त्याच्यावरच हा प्रयोग करून पाहायला हरकत नाही.